चकची चावी आणि 'व्हई जाई'

ड्रिल मशीन घ्यायला निघालेल्या खान्देशी माणसाचे प्रश्न जळगावपासून धुळ्यापर्यंत सारखेच असतात. किती वॅटचं? काँक्रीटमध्ये घुसतं ना? आणि बरोबर फुकट काय काय? पहिल्या उत्तराने त्याचा चेहरा खुलतो, दुसऱ्याने विश्वास बसतो आणि तिसऱ्यावर सौदा ठरतो. हे मशीन बिटाला धरतं कसं, आणि धरलेलं सोडणार नाही कशावरून, हे मात्र कोणी विचारत नाही. मुलीसाठी स्थळ पाहताना पगार, शेती, घराचे मजले सगळं विचारावं आणि मुलगा नीट नांदवेल का एवढंच विचारायचं राहून जावं, तसा हा प्रकार. वॅट ही मोटरची ताकद. ती भिंतीपर्यंत पोचते बिटातून, आणि मोटरकडून बिटाकडे येते निव्वळ पकडीतून. पकड ढिली असेल तर जास्तीचे वॅट उपयोगी तर पडत नाहीतच, वर अंगावर येतात. नाडी सैल असलेल्या माणसाला जोरात पळायला लावलं तर तो शर्यत जिंकण्याची शक्यता कमी, आणि भलतंच काही होण्याची शक्यता फार जास्त. तरी आपण आयुष्यभर वॅट मोजत राहतो आणि नाडी देवाच्या भरवशावर सोडतो.

या भरवशाला आमच्या अहिराणीत दोन शब्दांचं नाव आहे : 'व्हई जाई'. होऊन जाईल. हे शब्द वाईट नाहीत. पाऊस लांबला तरी पेरणी होते, पाहुणे दुप्पट आले तरी वरण-बट्टी पुरते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला तरी लग्नं लागतात, ती याच दोन शब्दांवर. ज्या मुलखाने कपाशीचे भाव आणि केळीवरची वादळं सोसली, त्याच्या जिभेवर हे शब्द असणारच. तक्रार आहे ती फक्त एका ठिकाणाबद्दल. बिटाचा दांडा आणि चकचे जबडे यांच्यामध्ये जी केसाएवढी फट असते, तिथे 'व्हई जाई' चालत नाही. का चालत नाही, आणि बाकी सगळीकडे चालणारी गोष्ट नेमकी तिथेच का अडते, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी चककडे जवळून पाहू. ड्रिलच्या तोंडाशी असलेल्या या लोखंडी कणसात तीन जबडे असतात. बाहेरच्या कड्याला दाते, आणि चावीच्या टोकाला छोटं दातेरी चाक. चावी भोकात घालून फिरवली की कडं फिरतं आणि तिन्ही जबडे एकाच वेळी आत सरकतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या आर्थर जेकब्स यांनी या रचनेचं पेटंट १९०२ साली घेतलं. आधीच्या चकशी झटापट करताना बोटांची सालं निघाली, त्या वैतागातून ही कल्पना सुचली असं सांगतात. म्हणजे चकचा जन्मच मुळी सोललेल्या बोटांतून झाला. आपण मात्र तो हाताने फिरवून 'झालं घट्ट' म्हणतो आणि बोटांना पुन्हा १९०२ च्या आधी नेऊन सोडतो. चकला चावीसाठी भोकं तीन असतात. ती शोभेसाठी नाहीत. एकाच भोकातून आवळलं की जोर एका बाजूने बसतो. तिन्ही भोकांत आळीपाळीने चावी फिरवली की दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकात ती आणखी थोडी सरकते, आणि ते 'आणखी थोडं' हीच खरी पकड. आपल्याकडे पहिल्या भोकाला मान, दुसऱ्याला कधीमधी, आणि तिसरं भोक शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखं : हजेरीपटावर आहे, पण त्याला कोणी कधी काही विचारलेलं नाही.

बिट बारीक असेल तर आणखी एक गंमत होते. ते तीन जबड्यांच्या मधोमध न बसता दोन जबड्यांच्या फटीत शिरतं. वरून आवळलेलं दिसतं, हाताला घट्ट लागतं, आणि मशीन सुरू केलं की वरातीत शेवटपर्यंत थांबलेल्या पाहुण्यासारखं झोकांड्या खात फिरतं. भोक पडतं, पण पडायला हवं त्याच्या शेजारी. बिट जाड असेल आणि पकड ढिली, तर ते भिंतीत अडकून उभं राहतं आणि चक त्याच्याभोवती फिरत राहतो. दांड्यावर ओरखडे उठतात, बारीक कंगोरे येतात. पुढच्या वेळी त्याच कंगोऱ्यांमुळे जबडे नीट टेकत नाहीत आणि बिट आणखी लवकर सटकतं. ढिलेपणाला व्याज लागतं, तेही चक्रवाढ. दोन-चार महिन्यांनी मिस्त्री म्हणतो, 'कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही.'

आणि ती चावी? चकच्या चावीचं स्वतंत्र समाजशास्त्र लिहिता येईल. खोक्यात असते तेव्हा ती सगळ्यात सुरक्षित. पहिल्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये येते, तिसऱ्या दिवशी खिशात जाते, आठव्या दिवशी धुतलेल्या पँटबरोबर वाळत पडते, आणि महिन्याभरात अज्ञातवासात जाते. पांडवांचा अज्ञातवास निदान वर्षाने संपला. मग चावीच्या जागी पक्कड येते, पक्कड सटकते म्हणून स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडी येते, आणि कड्याचे दाते पडले की चावी सापडूनही उपयोग नसतो. काही धोरणी लोक चावी सुतळीने मशीनच्या मुठीला बांधतात. हे बरं, पण ती लोंबकळते आणि चकमध्ये गुंतायला बघते. त्याहून धोरणी लोक ती वायरच्या दुसऱ्या टोकाला, पिनेपासून वीतभर अंतरावर बांधतात. यातली हुशारी अशी की चावी चकपर्यंत पोचवायची तर पिन सॉकेटमधून काढावीच लागते. म्हणजे बिट बदलताना मशीन आपोआप बंद. शिवाय चावी चकमध्येच विसरून मशीन सुरू करणं आणि ती गोफणीतल्या दगडासारखी सुटणं, हा प्रकारही टळतो. या एका सुतळीत जितका विचार आहे तितका माहितीपत्रकाच्या चौदा भाषांतही नसतो.

कोणी म्हणेल, आपल्या लोकांना पकडीचं शास्त्रच माहीत नाही. हे साफ खोटं आहे. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की पाचर मारायची हे शेतकऱ्याला कोणी आयटीआयमध्ये शिकवलेलं नाही. नांगराचा फाळ जागेवर राहावा म्हणून वसू असते, आणि ती ढिली झाली तर नांगर पुढे नेत नाहीत. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचं काम तर पाहण्यासारखं. लोखंडी धाव विस्तवात लाल करायची म्हणजे ती फुगते, तशीच चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. ती आकसते आणि चाकाला असं आवळते की पुढची कित्येक वर्षं खडीच्या रस्त्यावरही हलत नाही. आज लाखो रुपयांच्या सीएनसी मशीनमध्ये कटर बसवताना धारक तापवून हेच करतात आणि त्याला इंग्रजी नाव देतात. आमच्या गावच्या लोहाराने ते नावाशिवाय केलं. आणि पकड काढून घेतली की काय होतं, हेही आपल्याला फार पूर्वी सांगून झालं आहे. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रातली सुरुवातीचीच गोष्ट अर्धवट चिरलेल्या लाकडातली पाचर उपटणाऱ्या माकडाची आहे. विष्णुशर्म्याने राजपुत्रांना राजनीती शिकवायला घेतली आणि आरंभीच सुतारकामातला अपघात सांगितला, यावरून विषयाचं महत्त्व कळावं.

फार लांब कशाला, जळगावच्या सराफ बाजारात जा. कानातल्याला मागून जी फिरकी असते ती आट्यांचीच. लग्नाला निघालेली बाई घराबाहेर पडताना फिरकी चाचपते, रिक्षातून उतरताना चाचपते, जेवायला बसण्याआधी चाचपते. एका संध्याकाळी तीनदा तपासणी, आणि तीही न सांगता, न विसरता. तिचाच नवरा दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन चकच्या तीनपैकी एकाच भोकात चावी घालतो. म्हणजे ज्ञान घरात आहे, एका उशीवर झोपतं आहे, फक्त ते कानावरून हातापर्यंत उतरत नाही. कारण उघड आहे. पकडीची काळजी आपण अडकवलेल्या वस्तूच्या किमतीवरून ठरवतो. फिरकीला सोनं लटकलेलं असतं, चकला शंभर रुपयांचं बिट. दुसऱ्या बाजूला आपला हात आहे, आणि हाताचा भाव सराफ बाजारातल्या फलकावर लागत नाही, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही.

तरीही प्रश्न उरतो. ज्या माणसाला पाचर कळते, वसू कळते, धाव कळते, तो विजेच्या मशीनपाशीच का चुकतो? उत्तर मला वेगात दिसतं. हाताचं अवजार ढिलं झालं की तसं सांगतं. कुऱ्हाड खडखडते, पातं किंचित डुलतं, घाव चुकतो, आणि माणूस थांबून पाचर मारतो. जात्याचा खुंटा हलला की दळणाऱ्या बाईला दुसऱ्या फेरीत कळतं. भरताची वांगी ठेचायच्या बडगीला तर सुटा भागच नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत 'व्हई जाई' म्हणायला काहीच हरकत नाही. हजारो वर्षं आपलं धोरण हेच होतं : आधी वापरा, ढिलं झालं तर घट्ट करा. ते शहाणपणाचं होतं, कारण 'ढिलं झालं' आणि 'लागलं' यांच्यात वेळ होता. विजेने तो मधला वेळ काढून टाकला. आपली म्हण तीच राहिली.

वेळ किती कमी झाला त्याचा हिशेब करू. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग भेटतात, आणि जिथे ट्रक थांबतात तिथे वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनची दुकानं असणारच. प्रत्येक दुकानात चार इंची ग्राइंडर असतो. तो मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १८० हून जास्त. १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीची कड त्या वेळी ताशी सुमारे २०७ किलोमीटर वेगाने धावत असते. जळगाव ते भुसावळ हे रेल्वेचं अंतर २४ किलोमीटर. चकतीची कड रुळावर सोडली तर सात मिनिटांत भुसावळला पोचेल, आणि आउटर सिग्नलला थांबणार नाही. ती कड कारागिराच्या मनगटापासून वीतभर अंतरावर असते. तिला धरून असतो एक नट आणि दोन फ्लॅन्ज, मध्ये यायला हवा तो पत्र्याचा गार्ड. गार्ड बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात पडलेला दिसतो. त्याच्यामुळे चकती खोल जात नाही, ही त्याच्यावरची तक्रार. हेल्मेटमुळे डोक्याला वारा लागत नाही, त्यातलाच हा प्रकार.

गार्ड गेला की पुढचं सगळं सोपं होतं. १४ इंची कट-ऑफ मशीनची झिजून लहान झालेली चकती फेकवत नाही, म्हणून ती ग्राइंडरला चढते. भोक मोठं असलं तर मध्ये वायसर. त्या चकतीची मर्यादा मिनिटाला ४,३०० फेऱ्यांच्या आसपास असते, ग्राइंडर तिला ११,००० ने फिरवतो. तिची कड आता मध्याजवळ आली आहे, हे खरं. पण वायसरवर बसवलेली चकती मधोमध बसत नाही, आणि मधोमध नसलेली वस्तू इतक्या वेगाने फिरली की ती कंपनं नटालाच हलवून काढायच्या मागे लागतात. रेझिनने बांधलेल्या चकतीची मुदत साधारण तीन वर्षांची. अनेकदा मधल्या धातूच्या कड्यावरच महिना आणि वर्ष छापलेलं असतं. पण पावाच्या पुडक्यावरची तारीख उजेडात धरून वाचणारे आपण चकतीकडे ढुंकून पाहत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं ३० वं कलम सांगायचं की घासकामाच्या प्रत्येक मशीनशेजारी त्या दगडाचा सुरक्षित कमाल वेग लिहिलेली पाटी कायमची लावावी. आपल्याकडे मशीनशेजारी कायमची पाटी असते, नाही असं नाही. तिच्यावर 'आज रोख, उद्या उधार' लिहिलेलं असतं.

ढिलेपणाची किंमत दर वेळी रक्ताने मोजावी लागते असंही नाही. बऱ्याचदा ती पाण्याने मोजावी लागते, आणि जळगावकराला हे जास्त लवकर पटावं. या जिल्ह्याने देशाला ठिबक सिंचन शिकवलं, केळीच्या बागा नळ्यांवर उभ्या केल्या. ठिबक बसवताना पीव्हीसीच्या उपमुख्य पाइपला ओळीने भोकं पाडतात, प्रत्येक भोकात रबराचा ग्रोमेट बसतो आणि त्यातून बारीक नळी निघते. ही भोकं पाडायला शेतात ड्रिल मशीनच जातं. बिट चकमध्ये सरळ आणि घट्ट असेल तर भोक गोल पडतं आणि ग्रोमेट त्यात चपखल बसतो. बिट डुलत असेल तर भोक लंबगोल. रबर गोल, भोक अंडाकृती, आणि संसार सुरू होतो कुरकुरीने. पाणी सोडलं की शेतात शंभर कारंजी. बादशहाच्या बागेत ती शोभली असती, केळीच्या बागेत शोभत नाहीत. मग दोष ग्रोमेटला, पाइपला, कंपनीला आणि शेवटी सरकारी अनुदानाला. तीन भोकांत चावी फिरवायला लागणारे वीस सेकंद मात्र कोणाच्या चौकशीत येत नाहीत.

आता आक्षेप. पहिला आक्षेप मोठ्या अधिकाराने येतो : 'वीस वर्षं झाली, असंच करतोय, काही झालं नाही.' या वाक्यातला पुरावा तपासून घेतला पाहिजे. ज्यांना काही झालं नाही तेच हे वाक्य म्हणतात. ज्यांना झालं ते गप्प असतात किंवा दुसरा धंदा करतात. फक्त पास झालेल्यांना विचारून परीक्षा सोपी होती असं ठरवण्यासारखं हे झालं. शिवाय अनुभवाने काम करणारा हात शिकतो, चक शिकत नाही. चकला प्रत्येक बिट नवीन असतं. उलट अनुभवी माणूस जास्त जोराने आणि जास्त वेगाने काम करतो, त्यामुळे त्याच्या मशीनला नवशिक्याच्या मशीनपेक्षा पकड जास्त लागते.

दुसरा आक्षेप वेळेचा : 'एवढं करत बसलो तर काम कधी होणार?' दिवसात तीस वेळा बिट बदललं आणि दर वेळी वीस सेकंद जास्त गेले असं धरू. तिसाला विसाने गुणा, सहाशे सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. एवढ्या वेळात आपल्याकडे चहाची ऑर्डरसुद्धा पोचत नाही. सटकलेलं बिट पुन्हा बसवायला, वाकडं भोक बुजवायला आणि मालकाला समजावायला लागणारा वेळ यात धरलेला नाही, आणि टाके पडलेल्या बोटासह वाया जाणारा आठवडा तर मुळीच नाही. वेळ वाचवण्याच्या नावाखाली आपण जे करतो ते वेळ वाचवणं नव्हे, उधार घेणं आहे. आणि पाटीवर लिहिलेलंच आहे की उधार उद्या.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा : 'आता चावी लागतच नाही, बिनचावीचे चक आले.' आले, आणि चांगले आले. पण चावी गेली, आवळणं गेलं नाही. बिनचावीचा चक हाताच्या जोरावर चालतो, आणि मे महिन्यात जळगावात घामेजलेल्या हाताची पकड किती राहते हे सांगायला नको. बऱ्याच चकमध्ये शेवटी कटकट असा आवाज येईपर्यंत फिरवायचं असतं. तो आवाज म्हणजे पकड बसल्याची पावती. पावती न घेता दुकानातून निघणाऱ्यांत आपली गणना आधीच होते. हॅमरच्या धक्क्यांनी असा चक हळूहळू सैलही पडतो, म्हणून मध्ये मध्ये पुन्हा आवळावा लागतो. मशीन नवं झालं म्हणून माणसाची जबाबदारी जुनी होत नाही.

चौथा आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा आहे : 'घट्ट म्हणजे चांगलं, हे तरी कुठे खरं?' बरोबर आहे, प्रत्येक जागी नाही. काँक्रीट फोडणाऱ्या हॅमर ड्रिलसाठी बॉशने १९७५ च्या सुमारास जी एसडीएस पद्धत आणली, ती तर मुद्दाम सैल आहे. दहा मिलिमीटरच्या दांड्यावर चार खाचा. दोन बंद खाचांत गोळ्या अडकतात आणि बिट सुटू देत नाहीत, दोन उघड्या खाचांतून ते फिरवलं जातं. बिट मागेपुढे सरकतं, सरकायलाच हवं, कारण मागून त्याच्यावर घाव बसत असतो. सैल असूनही सुटत नाही, हे गुपित आमच्या एकत्र कुटुंबांना जुनं आहे. उलट ग्राइंडरच्या नटाचे आटे असे असतात की काम चालू असताना चकतीचा ओढा नटाला आणखी आवळत जातो. त्यावर हातोडी मारून जोर दाखवणं म्हणजे उद्या तो नट उघडायला दुसरी हातोडी आणणं. बेंच ग्राइंडरच्या डाव्या दगडाचे आटे उलटे, सायकलच्या डाव्या पेडलचे उलटे, टेबल फॅनच्या पात्यापुढच्या टोपीचे उलटे. उलटे आटे असतात हे कळायला माणसाला निदान एक पाना मोडावा लागतो. तेव्हा मुद्दा ताकदीने घट्ट करण्याचा नाही. कुठे किती, कोणत्या दिशेने आणि कशाने धरायचं, हे माहीत असण्याचा आहे. या आक्षेपाने माझा मुद्दा मोडत नाही, चावीच्या आणखी एका फेऱ्याने पक्का होतो.

मग उपाय काय, उपदेश? उपदेश आपल्याला लागू पडत नाहीत, हे त्यांच्या संख्येवरूनच सिद्ध होतं. घरच्या मिक्सरने वेगळी वाट धरली. पुष्कळ मिक्सरमध्ये भांडं नीट बसून फिरेपर्यंत बटण दाबलं तरी मोटर चालू होत नाही. काळा मसाला करणारी आजी त्याला दोन शिव्या देते आणि भांडं नीट बसवते. मशीनने तिच्या 'व्हई जाई'ला 'नाही व्हस' असं सांगितलं, आणि विषय संपला. ज्या मशीनला असं सांगता येत नाही, तिथे दुसरी वाट रेल्वेने दाखवली आहे, आणि ती भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाला पाठ आहे. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या चाव्या गाडीच्या थरथरीने ढिल्या होतात. रेल्वेने यावर भाषण ठेवलं नाही, माणूस ठेवला. तो खांद्यावर हातोडा घेऊन ठरलेल्या टप्प्यात रुळावरून चालतो, एकेक चावी पाहतो आणि ढिली दिसली की ठोकतो. त्याच्या पदाचं नावच चावीवाला. काल घट्ट केलेलं आज घट्ट असेलच असं नाही, एवढी एकच गोष्ट मान्य करून रेल्वेने पिढ्यान्‌पिढ्या पगार दिला. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, अशा यंत्रांच्या पात्यांचे बोल्टसुद्धा जोर मोजून आवळतात आणि पुन्हा पुन्हा तपासतात. तिथे त्या अवाढव्य पात्यांना जो मान, तो खाली चार इंची चकतीला का नको? हातापासूनचं अंतर पाहिलं तर चकतीचा मान मोठाच.

प्रत्येक वर्कशॉपला चावीवाला नेमणं परवडणार नाही, हे उघड आहे. पण सुतळी परवडते. धुळ्याची औद्योगिक वसाहत ज्या गावात आहे त्याचं नाव अवधान. मराठीत या शब्दाचा अर्थ लक्ष देणं असा होतो, आणि हा योगायोग रोज कामावर जाणाऱ्यांच्या बसच्या पाटीवर लिहिलेला असतो. तेव्हा लेख वाचून झाला की एवढंच करा. घरातलं ड्रिल मशीन माळ्यावरून काढा, चावी शोधा, आणि सापडली तर वायरच्या टोकाला, पिनेपासून वीतभर अंतरावर बांधून टाका. नाहीच सापडली तर नवी आणा, पण चकचं माप सांगून आणा. बिट लावताना पिन काढा, तिन्ही भोकांत चावी फिरवा, आणि मगच बटण दाबा. बाकी सगळं व्हई जाई.